आस ओळखा, मगच वजन भरा



आपल्या पत्रिकेत लागणीचे अंतर, बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त या विषयांवर वेळोवेळी लिहिणे होते. परंतु ऊस तुटून फडाबाहेर पडला म्हणजे आमच्या खात्याचे काम संपले, असे नाही. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळपाला गेला, तर वजन टिकते आणि साखरही टिकते. तोच ऊस रस्त्याकडेला पडून राहिला तर त्यातली ओल उडते, साखर फुटते, आणि एकदा फुटलेली साखर पुन्हा दाणा धरत नाही. वजनातला तोटा त्या सभासदाचा आणि उताऱ्यातला तोटा आपल्या सगळ्यांचा.

आता हा ऊस रस्त्यात अडकतो कशाने? इंजिन बंद पडल्याने अडकतो, टायर फुटल्याने अडकतो. पण टायर तासाभरात बदलता येतो. चाक निखळले किंवा आस तुटला, तर मात्र वाहन कलंडते, ऊस सांडतो, वरून पुन्हा भराईची मजुरी पडते. त्यात कोणी माणूस सापडला तर त्या नुकसानीला मोजमाप नाही. म्हणून या अंकात आसाचे प्रकार, ते बाहेरून कसे ओळखायचे आणि कोणत्या आसावर किती विसंबायचे, एवढाच विषय घेतला आहे. हा विषय मेकॅनिकचा आहे असे म्हणून पान उलटू नका. वाहन ठरवणारे आपण, भाडे देणारे आपण आणि जुनी जीप किंवा ट्रक विकत घेणारेही आपणच.

बैलगाडीचा आस

सुरुवात घरच्या वस्तूपासून करू. बैलगाडीच्या आसाला कुठे आख म्हणतात, कुठे कणा. गाडी चालली की चाके फिरतात, आस जागचा हलत नाही. त्याचे काम एकच, वजन पेलायचे. ओढायचे काम बैलांचे. अशा न फिरणाऱ्या आसाला मोटारीच्या भाषेत ‘डेड एक्सल’ म्हणतात. आपण त्याला मुका आस म्हणू.

टायरगाडीचा आस मुका. ट्रॉलीचा आस मुका. साध्या ट्रकचा पुढचा आसही मुकाच, कारण तो वजन पेलतो आणि चाके वळू देतो, पण चाकांना फिरवत नाही. याउलट ज्या आसातून इंजिनचा जोर चाकापर्यंत जातो तो ‘लाइव्ह एक्सल’, म्हणजे चालता आस. जीप, ट्रक आणि ट्रॅक्टर यांचा मागचा आस चालता.

कोणत्याही आसापाशी उभे राहिलात की पहिले दोन प्रश्न हे विचारा: वजन कोण पेलतो? जोर कोण देतो? या दोन उत्तरांत निम्मा धडा आला.

रेल्वेने शिकवलेला धडा

इगतपुरी म्हणजे रेल्वेचे गाव. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे इगतपुरीला चढली. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ आहे. गाडीला मागून इंजिन लावून ती वर घेतात, हे आपण लहानपणापासून पाहतो. स्टेशनात मालडबा उभा असला तर त्याच्या चाकाकडे नीट बघा. तिथे चाक आसावर दाबून घट्ट बसवलेले असते, म्हणून चाकाबरोबर आसही फिरतो. डब्याला इंजिन नाही, म्हणजे तो आस जोर देत नाही. पण डब्याचे सगळे वजन त्या फिरणाऱ्या आसावर असते.

इथेच खरी गोम आहे. उभा आस वजनाने वाकतो तो एकाच दिशेने, खाली. फिरणाऱ्या आसाचे तसे नाही. त्याची जी बाजू आत्ता वर आहे ती अर्ध्या फेऱ्यात खाली येते. एका बाजूला दाब बसतो, दुसऱ्या बाजूला ताण बसतो. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला लोखंडाच्या प्रत्येक कणाला एकदा दाब, एकदा ताण. तार तोडायची असली की आपण काय करतो? एका ओढीत ती तुटत नाही, पण उलटसुलट दहा-वीस वेळा वाकवली की तुटते. फिरणाऱ्या आसाचे दुखणे तेच आहे.

चाकाचा घेर सव्वादोन मीटर धरला तर एका किलोमीटरला सुमारे ४४४ फेरे होतात. पंचवीस किलोमीटरच्या एका खेपेत अकरा हजार. हंगामभराचा हिशेब तुम्हीच मांडा.

फ्रान्समध्ये ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस वाटेत तुटला. डबे एकमेकांवर चढून पेटले आणि पन्नासांहून अधिक माणसे गेली. बाहेरून धड दिसणारे आस असे का तुटतात, याचा शोध पुढे युरोपात सुरू झाला. जर्मनीतले रेल्वेचे अभियंते ऑगस्ट व्होलर यांनी १८५० नंतरच्या वर्षांत आस फिरवून फिरवून, त्यांवर वजने टांगून पद्धतशीर प्रयोग केले. लोखंड एका झटक्यात तुटेल त्याच्या पुष्कळ कमी वजनालाही ते हजारो-लाखो फेऱ्यांनंतर थकून तुटते, हे त्यांनी दाखवून दिले. सुरुवात होते ती केसाएवढ्या चिरेने. म्हणूनच आजही रेल्वेत आसांची तपासणी ध्वनिलहरी सोडून करतात.

यातून वाहने बनवणाऱ्यांनी एक तत्त्व घेतले. होता होईल तो, जो आस फिरतो त्याच्यावर वजन टाकू नये, आणि ज्याच्यावर वजन आहे तो फिरवू नये. पुढचे सगळे प्रकार या एका तत्त्वावरून ताडून बघा.

मागच्या आसाचे तीन प्रकार

जीप किंवा ट्रकच्या मागे वाकून पाहिले की दोन चाकांच्या मध्ये एक आडवी पोकळ नळी आणि तिच्या मधोमध एक मोठा फुगीर गोळा दिसतो. नळीला हौसिंग म्हणतात. गोळ्यात डिफरन्शियल, म्हणजे क्राउन-पिनियन आणि त्याचे दाते. नळीच्या आत उजवीकडे एक, डावीकडे एक अशा दोन पोलादी दांड्या असतात. त्यांना एक्सल-शाफ्ट म्हणतात. चाकाला फिरवतात त्या या दांड्या. प्रश्न असा, की चाकावरचे वजन कोणी पेलायचे, आतल्या दांडीने की बाहेरच्या हौसिंगने?

पहिला प्रकार सेमी-फ्लोटिंग, म्हणजे अर्धा तरता. यात चाक थेट दांडीच्या टोकावर बसवलेले असते. बेअरिंग हौसिंगच्या आत, दांडीभोवती. त्यामुळे दांडी चाकाला फिरवतेही आणि त्या बाजूचे वजनही पेलते. वळणावर चाकाला बसणारा आडवा रेटाही तीच सोसते. एकाच माणसाने नांगर धरायचा आणि औतही ओढायचे, त्यातला प्रकार. बांधणी मात्र हलकी, सोपी आणि स्वस्त. बहुतेक हलक्या गाड्यांना हाच आस असतो, आणि हलक्या वजनाला तो पुरेसा आहे.

दुसरा थ्री-क्वार्टर फ्लोटिंग, पाऊण तरता. यात बेअरिंग हौसिंगच्या बाहेरून आणि हबच्या आतून बसते, पण एकच. उभे वजन हौसिंग घेते, परंतु चाक सरळ उभे धरण्याचे आणि आडवा रेटा सोसण्याचे काम दांडीकडेच राहते. काही जुन्या मोटारी आणि हलक्या ट्रकांत हा सापडतो. आता क्वचितच दिसतो.

तिसरा फुल-फ्लोटिंग, पूर्ण तरता. यात हौसिंगच्या टोकावर दोन बेअरिंगे, त्यांवर हब आणि हबवर चाक. सगळे वजन आणि सगळा आडवा रेटा हौसिंगवर जातो. हौसिंग फिरत नाही, म्हणून वर सांगितलेला उलटसुलट वाकण्याचा थकवा त्याला येत नाही. दांडी आतून मोकळी असते, चाकाला पीळ देण्यापुरतीच. ‘तरता’ शब्द आला तो यावरून. मालट्रकला मागे हाच आस असतो. १९५४ पासून टेल्कोने डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले, तेव्हापासून आपल्या रस्त्यांवर ही ओळखीची बांधणी आहे.

बाहेरून कसा ओळखावा?

चाक काढायची गरज नाही. मागच्या चाकासमोर उकिडवे बसा आणि चाकाच्या मधोमध बघा.

१) मधून हब पुढे आलेला आहे, त्याच्या तोंडावर चकती आहे आणि चकतीच्या कडेने बोल्टांचे कडे आहे. हे बोल्ट चाकाच्या नटांहून वेगळे आणि आतल्या बाजूला असतात. हा पूर्ण तरता आस. चाकाला हात न लावता, हे बोल्ट खोलून दांडी ओढून काढता येते.

२) मध्यभाग सपाट आहे आणि चाकाच्या नटांशिवाय काहीच दिसत नाही. हा बहुधा अर्धा तरता.

३) मध्यभागी एकच मोठा खाचांचा नट आणि त्यातून आरपार पिन आहे. वर टोपीही असू शकते, ती काढल्यावर नट दिसतो. इथे दांडीचे टोक निमुळते असून चाकाचा हब त्यावर चावी घालून आवळलेला असतो. हा अर्धा तरता किंवा पाऊण तरता. नेमका कोणता, ते ड्रम काढल्याशिवाय कळत नाही. ते काम मेकॅनिककडे द्या.

ही खूण फक्त मागच्या चालत्या आसाची. साध्या ट्रकच्या पुढच्या चाकाच्या मध्ये ग्रीसची लहान टोपी असते, तिच्यामागे मुका आस. पुढचा आस चालता आहे का, हे समोरून वाकून बघावे. तिथेही फुगीर गोळा दिसला, तर गाडी चारही चाकांनी ओढणारी. देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र असल्याने लष्करी वाहने आपल्या रस्त्यावर नेहमी दिसतात. त्यांच्या पुढच्या आसाकडे जाता-येता बघा, चांगला अभ्यास होईल.

जीप एकच, आस दोन

बाहेरून गाडी सारखी दिसली म्हणजे आस सारखा असतो असे समजू नका. याचे उत्तम उदाहरण म्हणजे आपली जीप. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप लष्करासाठी होती. खड्डे, ओझे, दगडधोंडे धरून तिला मागे पूर्ण तरता आस दिला होता. युद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, नागरी जीप आली. पहिल्या काही गाड्यांना तोच आस होता, पण लवकरच तो बदलून निमुळत्या टोकाचा अर्धा तरता आस घातला गेला. महिंद्रांनी पुढे आपल्या देशात ज्या सीजे-३बी जातीच्या जीप बनवल्या, त्यांनाही मागे असाच आस होता.

जुनी जीप घेणाऱ्याने म्हणूनच रंग आणि हूड नंतर पाहावे, आधी चाकाच्या मधला भाग पाहावा. मध्ये एकच मोठा नट असेल तर तो भरपूर आवळलेला आणि त्यात पिन असलीच पाहिजे. हा नट ढिला राहिला की हब चावीवर हिसके खातो. आधी चावी कापली जाते, नाही तर चावीच्या खाचेपाशी दांडीला चीर जाते. दांडी तुटते ती बहुतेक तिथूनच.

दांडी तुटली तर?

तिन्ही प्रकारांची खरी तुलना या प्रश्नावर होते.

अर्ध्या तरत्या आसात दांडी बेअरिंगच्या बाहेर तुटली, तर चाक ड्रमसकट बाहेर पडते. ड्रम गेला म्हणजे त्या चाकाचा ब्रेक गेला. आणि ब्रेकचे तेल सगळ्या चाकांना एकाच नळीने जात असेल, तर पेडलही खाली बसण्याचा धोका. गाडी त्या बाजूला कोसळते. पाऊण तरत्यात चाक लगेच पडणार नाही, पण तिरपे होऊन बाहेर सरकू लागते.

पूर्ण तरत्यात दांडी तुटली तरी चाक जागेवर राहते, गाडी उभी राहते आणि पायब्रेक चालतो. बोल्ट खोलून तुटकी दांडी काढायची, भोक पत्र्याने झाकायचे, आणि चारचाकी ओढीची गाडी असेल तर पुढच्या आसावर हळूहळू घरी आणायची. ट्रक ओढून न्यायचा असला तरी दोन्ही दांड्या काढून ठेवणे बरे, म्हणजे गिअरबॉक्स विनाकारण फिरत नाही.

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पूर्ण तरत्या आसातही दांडी तुटली की इंजिनचा रोध संपला. डिफरन्शियलचा स्वभाव असा, की एक बाजू मोकळी सुटली तर सगळी फिरत तिकडेच जाते आणि दुसऱ्या चाकाला काही मिळत नाही. म्हणजे उतारावर गिअर टाकून गाडी धरता येणार नाही. जुन्या जीपमध्ये आणखी एक फसवणूक आहे. तिचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्स्फर केसच्या मागे प्रॉपेलर शाफ्टवर असतो. मागची दांडी तुटली की हँडब्रेक ओढूनही गाडी घरंगळते.

आपला ऊस काही घाट उतरत नाही. पण भात आणि भाजीपाला घेऊन आपलीच वाहने मुंबईच्या वाटेने कसारा घाट उतरतात. घाटात मागून ‘खट्’ असा आवाज आला आणि एक्सिलरेटर दाबूनही ओढ लागेना, तर पायब्रेकवर गाडी डोंगराच्या बाजूला घ्या, आधी चाकांना दगड लावा आणि मग खाली वाकून बघा.

गोळ्याचा आकार आणि गाडीची उंची

हौसिंगच्या गोळ्यावरूनही काही कळते. मागून पाहता गोळ्याचे झाकण बोल्टांनी बसवलेले असेल, तर तो साल्सबरी पद्धतीचा. झाकण काढून दाते जागेवर तपासता येतात, पण दुरुस्ती गाडीखाली झोपूनच. मागची बाजू गुळगुळीत असेल, तर ती बँजो पद्धत. त्यात दांड्या बाहेर ओढल्या की डिफरन्शियल पुढच्या बाजूने अख्खे उतरते आणि बाकावर ठेवून काम करता येते. ट्रकांना बहुधा बँजो असते.

हा गोळा जमिनीपासून किती उंच, यावर गाडी चिखलातून निघणार की टेकणार हे ठरते. सलग आसाच्या गाडीत ही उंची चाकाच्या आकारावर अवलंबून असते. वजन भरले तर पाटे दबतात, गोळा खाली येत नाही. अलीकडच्या पुष्कळ आरामाच्या गाड्यांत सलग आसच नसतो. गोळा चॅसिसला बांधलेला आणि प्रत्येक चाक आपापल्या परीने खालीवर होणारे. रस्त्यावर बसायला सुख, पण वजन भरले की चॅसिसबरोबर गोळाही खाली येतो. शेतात माल भरायला जाणाऱ्याने हा फरक लक्षात घ्यावा.

उंचीसाठी आणखी एक युक्ती आहे, पोर्टल आस. यात आस चाकाच्या मध्यावर येतच नाही, त्याच्याहून वर राहतो, आणि चाकापाशी दातेचक्रांची जोडी बसवून जोर खाली उतरवतात. जर्मनीत युद्धानंतर अल्बर्ट फ्रीडरिश यांनी ‘युनिमॉग’ नावाचे वाहन असे बनवले. १९४८ च्या सुमारास ते बाजारात आले. पुढे ते लष्करात आणि डोंगरदऱ्यांत गाजले, पण मूळ कल्पना शेतकऱ्याची होती. त्याच्या दोन चाकांतले अंतर १२७० मिलिमीटर ठेवले होते, बटाट्याच्या दोन सऱ्यांना जुळेल असे! सरीतले पीक न मोडता वाहन जावे, हा आपलाच प्रश्न.

खाणीवरच्या जड टिपरांना चाकाच्या हबमध्येच दातेचक्रे असतात. हब डब्यासारखा मोठा आणि त्याला तेलाचा वेगळा स्क्रू, ही खूण. यात पीळ शेवटी चाकापाशी वाढवला जातो, म्हणून आतल्या दांड्यांवर ताण कमी येतो.

ट्रकचे टायर मोजू नका, आस मोजा

सहा टायरांचा ट्रक म्हणजे दोन आस. दहा टायरांचा म्हणजे तीन आस. यात मागचे दोन्ही आस चालते असतीलच असे नाही. दोन्हीकडे गोळा दिसला तर दोन्ही चालते. एकाला साधीच नळी किंवा दांडा असेल तर तो मुका, केवळ वजन वाटून घेणारा. असा ट्रक पक्क्या रस्त्यावर उत्तम, पण ओल्या फडात त्याची पकड कमी, कारण मुक्या आसावर पडलेले वजन ओढीच्या उपयोगी पडत नाही. काही मोठ्या ट्रकांचा एक आस रिकाम्या वेळी वर उचललेला असतो. तो भरल्यावर खाली टेकवलाच पाहिजे. टायर वाचवण्यासाठी तो वरच ठेवून धावणे म्हणजे बाकीच्या आसांचा जीव घेणे.

२०१८ साली केंद्र सरकारने आसांवरील वजनाची मर्यादा वाढवली. चार टायरांच्या एका आसाला १०.२ टनांऐवजी ११.५ टन, जोड-आसाला १९ ऐवजी २१ टन. दोन आसांच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ वरून १८.५ टन आणि तीन आसांच्या ट्रकचे २५ वरून २८.५ टन झाले. हे वजन वाहनासकट आहे, नुसत्या मालाचे नाही. रिकामा ट्रक सहा टन भरला तर १८.५ मधून उसाला साडेबारा टनच उरतात. आपल्या वाहनाला काय मंजूर आहे ते आर. सी. पुस्तकात पाहावे.

“थोडे जास्त भरले तर काय बिघडते?” असे पुष्कळ जण विचारतात. रोलर बेअरिंगचा हिशेब बघा. वजन सव्वापट केले की त्याचे आयुष्य निम्मे होते, दीडपट केले की जेमतेम चौथा हिस्सा राहतो. रस्त्याचे तर याहून वाईट. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात खास रस्ते बांधून चाचणी झाली. आसावरचे वजन दीडपट झाले तर रस्त्याची झीज सुमारे पाचपट होते, असा तिचा निष्कर्ष निघतो. शिवारातला रस्ता एका हंगामात का उखडतो, याचे उत्तर यात आहे.

ट्रॅक्टर आणि ट्रॉली

ट्रॅक्टरचा पुढचा आस मुका, मधल्या पिनेवर डुलणारा. त्यामुळे एक चाक सरीत, एक वरंब्यावर असले तरी दोन्ही टेकून राहतात. ही पिन आणि तिचा बुश झिजला की हँडल भरकटते. मागे चाक दांडीच्या चकतीवरच बसते. दांडी वजनही पेलते आणि फिरवतेही. म्हणजे तत्त्वाने अर्धा तरता, पण दांडी मनगटाहून जाड, म्हणून चालून जाते.

ट्रॉलीचा आस मुका असतो. चौकोनी दांडा, दोन टोकांना खरादलेले भाग, त्यांवर दोन-दोन निमुळती बेअरिंगे, खाचांचा नट आणि पिन. चाक निखळते ते बहुतेक वेळा पिन नसल्याने किंवा तिच्या जागी खिळा वाकवून घातल्याने. दांडा तुटतो तो चौकोन संपून गोल भाग सुरू होतो त्या कोपऱ्यावर. तिथे वेल्डिंगचा डाग दिसला तर ती ट्रॉली भरू नका. वेल्डिंगच्या कडेने नवी चीर हमखास धरते.

दोन चाकी ट्रॉलीचे काही वजन ट्रॅक्टरच्या हुकावर येते. ऊस पुढे फार भरला तर ट्रॅक्टरचे तोंड उचलते, मागे फार भरला तर मागच्या चाकांची पकड जाते. भार आसाच्या किंचित पुढे हवा. चार चाकी ट्रॉलीत हुकावर भार येत नाही, पण पुढच्या आसाचे टर्नटेबल झिजले की वळणावर ट्रॉली कलते. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. अशा वाहनावर उसावर बसून माणसांनी, विशेषतः तोडणीच्या बायाबापड्यांनी, प्रवास करू नये आणि आपण करू देऊ नये.

पाणी हा आसाचा वैरी

आपला तालुका पावसाचा. दारणाकाठच्या गावांत ओढे-नाले ओलांडल्याशिवाय गाडी फडावर जात नाही. चालून तापलेले हौसिंग थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. हौसिंगवर हवा घेण्याची एक लहान टोपी असते. ती चिखलाने बुजली, तर पाणी जास्तच ओढले जाते. उलट गाडी तापली की आतली हवा फुगून तेल सीलबाहेर ढकलते आणि ते ब्रेकवर उतरते. डिफरन्शियलचे तेल दुधासारखे पांढरट दिसले म्हणजे पाणी शिरले असे समजा आणि ताबडतोब बदला.

हंगामापूर्वीची तपासणी

१) चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खडखडले तर बेअरिंग ढिले.

२) हब खोलून जुने ग्रीस पुसा, बेअरिंग धुवा, नवे ग्रीस भरा. नट आधी आवळून मग किंचित सैल करा. पिन दर वेळी नवी.

३) मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ दिसला तर सील बदला.

४) पूर्ण तरत्या आसाच्या चकतीचे सगळे बोल्ट आहेत का, घट्ट आहेत का, ते मोजून बघा.

५) हवेची टोपी साफ करा, तेलाची पातळी पाहा.

६) पहिल्या खेपेला आठ-दहा किलोमीटरवर थांबून हबजवळ हाताची पाठ न्या. एक हब इतरांपेक्षा जास्त तापला असेल, तर पुढे जाण्यापूर्वी तो तपासा.

उजळणीचे प्रश्न

गट बैठकीत किंवा घरी मुलांबरोबर खालील प्रश्न सोडवावेत.

१) आपल्या दारातल्या प्रत्येक वाहनाचे आस मोजा. मुके किती, चालते किती?

२) मागच्या चाकाच्या मधोमध काय दिसते? त्यावरून आसाचा प्रकार सांगा.

३) दांडी तुटली तर या वाहनाचे चाक राहील का? हँडब्रेक धरील का?

४) आर. सी. पुस्तकातल्या वजनातून रिकामे वजन वजा करा. गेल्या हंगामातल्या वजनपावत्यांशी ते ताडून बघा.

या चौथ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळांना अडचणीचे वाटेल. तरीही ते काढा, आणि वाहतूकदाराशी करार करताना समोर ठेवा. एक खेप जास्त झाली तर भाडे थोडे वाढते, पण ऊस गव्हाणीत वेळेवर पडतो आणि गाडीवरची माणसे रात्री घरी जेवायला पोहोचतात.

— ऊसविकास अधिकारी